सही घेताना पान झाकलं

प्रश्न : ताई, मी नागपुरात शिक्षिका आहे. वाचनाचं वेड आहे, पण नवी पुस्तकं दरवेळी परवडत नाहीत. अर्धी वाचनालयातून आणते, अर्धी बर्डीच्या फुटपाथवरून घेते. मागच्या महिन्यात एका लेखिकेच्या कार्यक्रमाला गेले. साठ रुपयांत घेतलेली त्यांची कादंबरी सोबत होती. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात 'सप्रेम भेट' आणि भलत्याच कुणाचं नाव. ते पान अंगठ्यानं दाबून पुढच्या पानावर सही घेतली. "तुमच्यासारखे वाचक आहेत म्हणून आम्ही आहोत," असं त्या म्हणाल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे पैसे बुडवले का?

उत्तर : अहो बाप्पा, अंगठा तुम्ही कशाला दाबला? लाजायचं तर ज्यानं 'सप्रेम भेट' रद्दीवाल्याला किलोवर घातली त्यानं!

आता हिशेब करू. समजा, पुस्तक तीनशे रुपयांचं आणि लेखिकेचा करार दहा टक्क्यांचा, तर नव्या प्रतीमागे त्यांना तीस रुपये मिळतात. म्हणजे आपली तर्री-पोह्याची एक प्लेट. आणि तुमच्या हातातली प्रत तर त्यांनी स्वतःच वाटलेली, तिच्यावर मानधन नव्हतंच. एरवीच्या जुन्या प्रतीचं मानधन पहिल्या विक्रीलाच लेखकाच्या नावावर जमा धरलेलं असतं (प्रकाशकानं ते दिलं की नाही, हा वेगळा आणि लांबलचक विषय). १९५७ चा आपला कॉपीराइट कायदाही एकदा विकली गेलेली प्रत चलनात आलेलीच धरतो. ती पुढे विकायला लेखकाची परवानगी लागत नाही.

वाचनालयाचं म्हणाल, तर ती प्रतही कुणीतरी विकतच घेतलेली असते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यामुळे पुस्तक वाचनालयातून घरी गेलं की लेखकाला थोडे पैसे मिळतात. आपल्याकडे ते नाही. पण वाचनालयाला मागणी कळवणं आपल्या हातात आहे. मी पंचवीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर काढली. एकाच पुस्तकासाठी चार जणांनी विचारलं, की पुढच्या खरेदीच्या यादीत मी ते वर सरकवायची. या मागण्या बहुतेक वेळा तुमच्यासारख्या, विकत घेणं न परवडणाऱ्यांकडूनच यायच्या.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. फुटपाथवर जुन्याच्या शेजारी कोरं करकरीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, निम्म्याहून कमी किमतीचं पुस्तक दिसलं तर उघडून बघा. मुखपृष्ठावरचा फोटो फिसकटलेला, आतली अक्षरं कुठे गडद कुठे पुसट, ओळी पानावर तिरप्या आणि समासाजवळचा मजकूर शिवणीत गेलेला असेल, तर ती चोरून छापलेली प्रत. तिच्यातून लेखकाला कधीच छदाम मिळालेला नाही. ती घेतलीत तर तुमची अपराधी भावना मी काढणार नाही, उलट दोन शब्द जास्तच सुनावीन.

माझ्याकडच्या एका कवितासंग्रहावर तीन नावं आहेत. पहिलं १९७४ मधलं, निळ्या शाईतलं, दुसरं पेन्सिलीतलं, तारीख नाही, तिसरं माझं. तुमच्या कादंबरीवरही त्या 'सप्रेम भेट'खाली तुमचं नाव लिहा, आणि त्याखाली 'बर्डी, रु. ६०'. पुढच्या वेळी लेखिकाबाई भेटल्या तर ते पान उघडून दाखवा. आपली भेट कुणी विकली, हे त्यांनाही कळू द्या की!