समस्या आधी, व्याख्यान मागून

प्रिय डॉक्टर,

शरीरक्रियाशास्त्र विभागात रुजू झाल्यावर दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात व्याख्यान द्यावे की समस्याधारित पद्धतीने, म्हणजे आधी रुग्णाची समस्या देऊन मुलांना गटात तिचा उलगडा करायला लावून, शिकवावे, असे तू विचारले आहेस. व्याख्यान सोडू नकोस, फक्त त्याची जागा बदल, एवढेच माझे म्हणणे आहे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये ही समस्याधारित पद्धत सुरू केली, तेव्हा पहिल्या तुकडीत जेमतेम २० विद्यार्थी होते. तिचे गोडवे गाणाऱ्यांना याचा सहसा विसर पडतो. आपल्याकडे दहा-दहांचे गट केले तर पंधरा शिक्षक लागतील आणि तेवढे कुठल्याच विभागात नसतात. म्हणून मी बाकानुसार तिघा-चौघांचे गट करतो.

स्वायत्त चेतासंस्था (हृदय, ग्रंथी यांचे काम आपोआप चालवणारे चेतातंतूंचे जाळे) शिकवताना मी एवढेच सांगतो, की कपाशीवर फवारणी करून आलेल्या शेतमजुराच्या तोंडातून लाळ गळते आहे, अंग घामाने भिजले आहे, नाडी मंद आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत आणि स्नायू फडफडत आहेत. इतकी वेगवेगळी लक्षणे एकाच कीटकनाशकाने कशी झाली, हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत गप्प राहायचे असते. पहिल्या वर्षी मला ते जमले नाही. चौथ्या मिनिटाला मीच उत्तर सांगून मोकळा झालो. आता मुले काय वाचायचे ते स्वतः ठरवतात, दोन दिवसांनी परत येतात, आणि मग मी ॲसिटिलकोलिन, म्हणजे चेतातंतूंचा निरोप अवयवांना पोचवणारे रसायन, व त्याचे विघटन करणारे, पण या कीटकनाशकाने बंद पाडलेले एन्झाइम यांवर व्याख्यान देतो. त्यानंतर दुसरा प्रश्न टाकतो: ॲट्रोपिन या उताऱ्याने लाळ आटली, नाडी सुधारली, पण स्नायूंची फडफड का थांबली नाही? उत्तर ॲसिटिलकोलिनचा निरोप घेणाऱ्या दोन प्रकारच्या ग्राहींत आहे: ॲट्रोपिन ग्रंथी व हृदयावरचे मस्करिनिक ग्राही अडवते, स्नायूंवरचे निकोटिनिक नाही. हा फरक पूर्वी मी फळ्यावर तक्ता काढून शिकवत असे आणि परीक्षेनंतर तो कुणाच्याच लक्षात राहत नसे.

मात्र समस्या सोडवण्याचे कौशल्य ज्ञानाशिवाय येते, असे समजू नकोस. निदान करण्याची हातोटी त्या त्या आजाराच्या ज्ञानाला बांधलेली असते, हे डॉक्टर निदान कसे करतात याचा अभ्यास करणारे आर्थर एल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवले आहे. व्याख्यान ठेव म्हणतो ते यासाठीच.

२०१९ मध्ये आलेल्या क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनासाठी वेगळे तास आहेत. मागे पडलेली व्याख्याने त्यांत उरकून घ्यायचा मोह सर्वांनाच होतो. तू ते तास राखून ठेव. तुझी पहिली समस्या लिहून झाली की मला पाठव, आणि तिच्यात आजाराचे नाव कुठेही येऊ देऊ नकोस.

तुझा,
जुना शिक्षक