केवलादेवच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं तर

प्रिय,

येता हिवाळा राजस्थानात भरतपूरला राहायचं, केवलादेव राष्ट्रीय उद्यान पायी आणि सायकलवर फिरून समजून घ्यायचं आणि जमेल तेवढा त्याच्या राखणीला हातभार लावायचा, हे तुझं ठरलेलं वाचून फार बरं वाटलं. पक्ष्यांची नावं तू पाठ करत असशीलच. ती कर, पण त्याआधी तिथलं पाणी समजून घे. कोणता पक्षी कुठे दिसेल, कोणत्या बांधावरून चालायचं, कोणती नोंद उपयोगी पडेल, हे सगळं तिथे पाण्याच्या खोलीवर ठरतं.

ही जागा मुळात खोलगट, पण आजचं पाणथळ माणसाने पाणी आणून घडवलेलं आहे. १८व्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी तिथे अडायचं आणि कालव्याने आत यायचं. आत मातीच्या बांधांनी वेगवेगळे भाग पाडले आहेत. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत आणि एका भागातून दुसऱ्या भागात पाणी सोडायला दारं आहेत. उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, त्यात पाणथळ साधारण १० चौरस किलोमीटर. बाकीचं गवताळ आणि झुडपी रान. पाऊस चांगला झाला की पाणथळात सरासरी १ ते २ मीटर पाणी असतं. उद्यानाला वर्षाला किमान ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं असं धरलं जातं. हा आकडा लिटरमध्ये मांडून बघ : सुमारे १,५५७ कोटी लिटर, म्हणजे १० चौरस किलोमीटरवर दीड मीटरचा थर. उन्हाने उडणारं आणि जमिनीत मुरणारं पाणी यातूनच जातं. त्यामुळे यातला तिसरा हिस्सा जरी कमी आला, तरी थंडी सरण्याआधीच उथळ भाग उघडे पडू लागतात.

आणि ते कमी येतं. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात पांचना धरण आहे. ते झाल्यापासून खाली येणारं पाणी धरण भरण्यावर आणि सोडण्यावर अवलंबून राहिलं. तूट भरून काढायला गोवर्धन नाल्यातून जलवाहिनीने आणि चंबळच्या योजनेतून पाणी आणलं जातं. त्याची मदत मोठी आहे, तरी नदीचा पूर आणि नळाचं पाणी यांत फरक राहतोच. पुराबरोबर माशांची पिल्लं, बिया, गाळ हे सगळं येतं, आणि चित्रबलाकांची पिल्लं त्याच माशांवर वाढतात.

खोली मोजायला तुला काठी लागणार नाही. शेकाटे आणि तुतवार बोटभर ते वीतभर पाण्यात चालतात. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होत असेल, तर त्याची चोच तळाला पोचते आहे, म्हणजे पाणी फूटभराच्या आसपास. लालसरी बुडी मारून बराच वेळ खाली राहत असेल, तर तिथे पाणी चांगलं खोल. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवत चालतो, तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर फारसं नसतं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर, जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याच्या कडेला. एकाच जागी आज लालसऱ्या आणि काही आठवड्यांनी शेकाटे दिसले, तर मधल्या काळात काय झालं ते तुला कळलं. हे नोव्हेंबरात झालं तर काळजीचं, मार्चमध्ये नेहमीचं. उन्हाळ्यात पाणथळ आटलेलं बघून मात्र घाबरू नकोस. उथळ पाणथळाला वर्षातून एकदा उघडं पडावंच लागतं. तळाचा गाळ वाळतो, कुजलेल्या वनस्पतींतली पोषकद्रव्यं मोकळी होतात आणि पुढच्या पावसाला त्यावरच सगळं उगवतं. बारमाही तुडुंब पाणी हा या जागेचा धर्मच नाही.

आता सायकल. आत खासगी मोटारी चालत नाहीत, म्हणून सायकल हेच तिथलं सोयीचं वाहन. मुख्य रस्ता गेटपासून केवलादेवाच्या मंदिरापर्यंत साधारण ५ किलोमीटर, डांबरी आणि सपाट. एरवी अर्ध्या तासाचं अंतर, पण त्याला चार तास दे. गेटजवळ भाड्याने मिळणारी सायकल घेताना तीन गोष्टी बघ. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकल, चाक अडलं पाहिजे. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेव, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट याहून खाली असली तर दुसऱ्याच दिवशी गुडघे दुखतील. आणि पेडल उलटं फिरवून चेनचा आवाज ऐक. करकरणारी चेन पक्षी उठवते, म्हणून तेलाचे चार थेंब घालून जुन्या फडक्याने पुसून घे.

तिथला खरा शत्रू काटा. देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ (बाहेरच्या देशातून आलेली, इथे माजलेली जात) दोन्ही काटेरी, आणि बांधांच्या कडेला वाळके काटे पडलेले असतात. पंक्चर काढताना ट्यूब चिकटवून लगेच टायर बसवायचा नसतो. टायरच्या आतून बोट हळू फिरवून मोडलेलं टोक शोधायचं, नाहीतर तेच टोक पाच मिनिटांत पुन्हा ट्यूब फाडतं. बोटाला फडकं गुंडाळ. साध्या देशी सायकलीला वालट्यूब, म्हणजे हवा भरायच्या तोंडावरची बारीक रबरी नळी, असते, उन्हाने ती चिरते आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. तिचे दोन तुकडे, एक जादा ट्यूब, ठिगळं, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप एवढं सोबत असलं की पुरे. कच्च्या बांधावर पाऊस पडून गेला असेल तर सायकल नेऊच नकोस. चाकाने पडलेल्या चरांतून पाणी वाहतं आणि बांध तिथूनच खचायला लागतो. ज्या वाटेवर सायकलला मनाई आहे तिथे उतरून चाल, आणि वाट बंद असेल तर परत फीर.

सायकल हळू आणि एका वेगात जात असेल तर बदकं बहुधा तिला सोसतात. ती बिथरतात तुझ्या अचानक थांबण्याने आणि हात वर करून बोट दाखवण्याने. म्हणून पक्ष्यांच्या समोर ब्रेक न लावता थोडं अलीकडे थांब, झाडाच्या आडोशाला उतर आणि मग दुर्बीण काढ. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. पट्टा तिरपा घालून ती पाठीवर ठेव, म्हणजे हँडलवर आपटत नाही. मुख्य रस्ता ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. सकाळी पश्चिमेकडचं पाणी बघ आणि परतताना, ऊन कलल्यावर, पूर्वेकडचं. ऊन पाठीशी राहिलं की रंग दिसतात, समोर आलं की नुसत्या काळ्या आकृत्या.

पायी जाताना बांधाच्या माथ्यावरून न जाता, पायवाट असेल तर उताराच्या अंगाने चाल. माथ्यावरचा माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर लांबून दिसतो आणि पक्षी उठतात. सगळ्या माना एकदम ताठ झाल्या, किंवा थवा तुझ्याकडे पाठ करून सरकायला लागला, की तू फार जवळ आहेस. तिथेच थांब, मग सावकाश दोन पावलं मागे ये. पाण्यात उतरू नकोस. वरून घोटाभर वाटणाऱ्या पाण्याखाली गुडघाभर गाळ असतो, आणि तुडवल्यावर त्यातले कंद मोडतात, जे कितीतरी पक्ष्यांचं अन्न आहे. थंडीत अजगर बिळाच्या तोंडाशी ऊन खायला येतात. फोटोसाठी लोक त्यांना गराडा घालतात, ते बिळात परततात आणि त्या दिवसाची ऊब त्यांची बुडते. असं बीळ सापडलं तर त्याची जागा कुणालाही सांगू नकोस, समाजमाध्यमांवर तर मुळीच नको. घरट्यांजवळ आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा प्रकार तुझ्या हातून होऊ नये, एवढंच त्याबद्दल.

डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट असतं की रस्त्याच्या कडेचं पाणीही दिसत नाही. अशा सकाळी गेट उघडताच आत घुसून उपयोग नाही. धुकं विरळ होईपर्यंत मोजणी करायची नाही, कारण त्यात केलेली मोजणी निम्म्याने खोटी असते.

मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझा उपयोग इथेच सर्वांत जास्त आहे. मुख्य रस्त्यावरच्या पाच जागा पक्क्या कर. प्रत्येक जागी दहा मिनिटं थांब. क्रम आणि वेळ दर वेळी तीच. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, पण ते चुकवायचे नाहीत. प्रत्येक जागी आधी पाणी लिही : ठरवलेल्या बाभळीच्या बुंध्यावर ओलीची रेघ कुठपर्यंत आहे, उघडं पाणी दहात किती भाग, वनस्पतींनी झाकलेलं किती भाग. मग एकाच कोनातून एक फोटो. त्यानंतर पक्षी. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोज, ते डोळ्यांत किती जागा व्यापतात ते बघ आणि तेवढ्या मापाने उरलेला थवा मोज. नवखे बहुतेकदा कमीच मोजतात. थवा उडाला तर तो ज्या दिशेला गेला ती लिही, नाहीतर पुढच्या जागी तोच पुन्हा मोजला जाईल. आणि शून्य लिहायला विसरू नकोस. दुर्मीळ पक्षी दिसला की सगळे लिहितात. नेहमीचा दिसला नाही हे लिहिणारे थोडे. सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी इथे २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली, हे आज सांगता येतं ते दर हिवाळ्याला कुणीतरी मोजत आल्यामुळे. मंदिराजवळच्या दगडी पाटीवर तुला वेगळे आकडे दिसतील : १२ नोव्हेंबर १९३८ रोजी एका दिवसात शिकारीत मारलेले ४,२७३ पक्षी. ती पाटी थांबून वाच.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढव आणि महिन्याची प्रत उद्यानाच्या कार्यालयात दे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात स्वयंसेवक म्हणून नाव दे. रस्त्यावरून बघून मोजायला नेहमीचं प्रवेशतिकीट पुरतं. त्यापलीकडचं काही करायचं, म्हणजे पाण्याचे नमुने घ्यायचे किंवा बंद वाटेवर जायचं, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घे. उद्यानातल्या रिक्षा चालवणाऱ्यांशी ओळख करून घे. त्यांतले कितीतरी जण प्रशिक्षित वाटाडे आहेत आणि कोणत्या भागात पाणी कधी आलं हे त्यांना तारखेनिशी ठाऊक असतं.

श्रमदानाची संधी मिळाली तर बहुधा वेडी बाभूळ काढायला जाशील. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, झाड ओळखण्यात. देशी बाभळीला पिवळ्या गोंड्यांची गोल फुलं येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी, दर बीजाजवळ आवळलेली असते. वेड्या बाभळीचं फूल लांबट, फिकट पिवळसर तुऱ्याचं आणि शेंग सलग, पिवळी. बलाक आणि बगळे घरटी बांधतात ती पाण्यातल्या देशी बाभळींवर, तेव्हा खात्री नसेल तर हात लावू नकोस. दुसरी चूक, जमिनीलगत तोडण्याची. तसं तोडलं की बुंध्यातून दहा फुटवे येतात. मुळाचा माथा जमिनीखाली वीत-दीड वीत खणून काढावा लागतो. शेंगा तिथेच टाकून यायच्या नाहीत. नीलगाई त्या खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरतं. जलपर्णी काढली तर ढीग पाण्यापासून लांब, चढावर टाक. काठावर टाकलेली पहिल्या पावसात परत आत जाते, आणि अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते.

गवताचा इतिहास मात्र नीट समजून घे, कारण संरक्षण म्हटलं की लोक आधी कुंपणाचा विचार करतात. १९८१ मध्ये ही जागा रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, झाली, १९८५ मध्ये जागतिक वारसा. मधल्या काळात, १९८२ मध्ये, आतली चराई एकदम बंद केली गेली. गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचं पाणगवत इतकं माजलं की उघडं पाणी आक्रसलं आणि बदकांना जागा उरली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झालं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायला आणि वेडी बाभूळ काढून लाकूड न्यायला मुभा मिळाली, तेव्हा उद्यानाचाही फायदा झाला. म्हणून गवताचा भारा घेऊन जाणारी बाई दिसली तर तिला अतिक्रमण करणारी समजू नकोस.

पाण्यात किंवा काठावर मेलेले पक्षी दिसले, विशेषतः एकाच जागी तीन-चार, तर हात लावू नकोस आणि जवळ जाऊ नकोस. जागा, वेळ, जाती आणि अंदाजे संख्या लिहून त्याच तासात वनरक्षकाला सांग. बर्ड फ्लू असो वा सडक्या पाण्यातली विषबाधा, पहिल्या दिवशी कळलं तर मेलेले पक्षी उचलता येतात आणि पुढची लागण आटोक्यात राहते. त्या दिवशी वापरलेले बूट आणि सायकलची चाकं धुतल्याशिवाय दुसऱ्या पाणथळाकडे जायचं नाही.

महिन्यातून एक दिवस उद्यान सोड आणि सायकल घेऊन अजान बांधापर्यंत जा. गावांच्या आतल्या रस्त्यांनी, मोहरीच्या शेतांमधून. सारसांची जोडी बहुधा वाटेत भेटेल, ती शेतकऱ्यांच्या ओळखीची असते. बांधात पाणी किती आहे, कालव्यात गाळ किती, दारं उघडी की बंद, हे बघून त्याच वहीत लिही. शेतकऱ्यांना पांचनाबद्दल विचार आणि दोन्ही बाजू ऐक. वरच्या गावांनाही त्याच पाण्यावर पीक काढायचं आहे.

पहिल्या दोन आठवड्यांची वहीची पानं फोटो काढून मला पाठव. तुझ्या पाच जागांपैकी कोणती बदलायला हवी आणि थवा दोनदा कुठे मोजला जातो आहे, ते पाहून लगेच कळवीन.

सस्नेह