ध्येय ठरवतो, पण ते तडीस जात नाही. योजना कशी आखावी?
ध्येय ठरवल्यावर लगेच ‘अमुक घडले, की मी तमुक करीन’ असे एक नेमके वाक्य लिहून काढावे, कारण कृतीची वेळ आणि जागा त्यातूनच पक्की होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ही जर-तर पद्धत मांडली. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा ध्येयपूर्तीवर तिचा मध्यम ते मोठा परिणाम दिसून आला. ‘यंदा नियमित व्यायाम करायचा’ एवढ्यावरच थांबल्यास केव्हा आणि कुठे हे रोज नव्याने ठरवावे लागते, आणि थकलेल्या संध्याकाळी तो निर्णय सहज टाळला जातो. याउलट ‘सकाळचा चहा झाला, की अर्धा तास चालायला निघेन’ असे ठरवले, तर चहाच आठवण करून देतो. अडथळ्यासाठीही असेच वाक्य हवे: ‘पाऊस असेल, तर घरातच सूर्यनमस्कार घालीन.’ माझ्या मते हे दुसरे वाक्य अधिक मोलाचे आहे, आणि नेमके तेच लिहायचे राहून जाते. मात्र ध्येयाशी मनापासून बांधिलकी नसेल, केवळ इतरांच्या आग्रहाखातर ते स्वीकारलेले असेल, तर या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.