ट्रंकेतला बहादूर आणि गंजलेल्या पिना

गेल्या अंकात जुन्या नियतकालिकांच्या संग्रहाविषयी ओघात दोन ओळी लिहिल्या आणि त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे इंद्रजाल कॉमिक्सविषयीच निघाली. त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात जुने घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे चाळीसएक अंक सापडले. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक मला ठाऊक आहेत; परंतु सात-आठ अंकांवर भगवा झब्बा आणि जीन्स घातलेला एक तरुण आहे. ‘हा कुठला सुपरहिरो?’ असे मुलाने विचारले आणि मला धड सांगता आले नाही. या अंकांना आज काही किंमत आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तो बहादूर. आपल्याला त्याच्याविषयी सांगता आले नाही याचे वैषम्य वाटून घेऊ नका, कारण वेताळाच्या कवटीच्या अंगठीपासून गुहेतल्या सिंहासनापर्यंत सगळे तोंडपाठ असलेले माझ्या पिढीचे लोकही बहादूरचे नाव काढले की क्षणभर अडखळतात.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले. बेनेट, कोलमन आणि कंपनी हे त्याचे प्रकाशक, आणि पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली. पण सगळी परदेशी वृत्तपत्रांतल्या चित्रपट्ट्यांतून घेतलेली. लेखन इकडचे, रेखाटन इकडचे आणि गावही इकडचे असा नायक या मालिकेला बारा वर्षांहून अधिक काळ मिळाला नव्हता. तो डिसेंबर १९७६ मध्ये मिळाला. आबिद सुरती यांनी त्याला जन्म दिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. ‘बी. गोविंद’ या नावाने इंद्रजालची मुखपृष्ठे रंगवणारे चित्रकार ते हेच. आपल्या ट्रंकेतल्या अंकांची मुखपृष्ठे उजेडात धरून पाहावीत. वेताळाच्या मुखपृष्ठांवरही त्यांचा हात आपल्याला ओळखू येईल.

बहादूरचे वडील भैरवसिंह हे दरोडेखोर. पोलिसांच्या गोळीने मेलेले. मुलाच्या मनात सूड आहे, पण विशाल या पोलीस अधिकाऱ्यामुळे त्याची वाट बदलते आणि तो गावकऱ्यांना हाताशी धरून जयगढला नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. सोबतीला बेला असते, आणि ती केवळ शोभेपुरती नसते. प्रसंग पडला तर तीही दोन हात करते. या कथेत मुखवटा नाही, एकवीस पिढ्यांची शपथ नाही, हवेत उडणे नाही. चंबळच्या खोऱ्यातल्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने केलेले शरणागतीचे समारंभ १९७२ चे. म्हणजे दरोडेखोराच्या मुलाने बंदूक कोणाच्या बाजूने उचलायची, हा प्रश्न तेव्हाच्या वाचकांना वर्तमानपत्रातून माहीत होता. बहादूर हा त्या प्रश्नाचे चित्रमय उत्तर होता, आणि तो लवकर विस्मरणात जाण्याचे एक कारणही माझ्या मते हेच: वेताळाचे जंगल कोणत्याही काळात असू शकते, जयगढ मात्र सत्तरच्या दशकातच असू शकते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. वेताळाचे हक्क परदेशी संस्थेकडे होते. तिने ते दुसऱ्या प्रकाशकाला दिले आणि डायमंड कॉमिक्समधून वेताळ पुन्हा वाचकांसमोर आला. बहादूरचे घर ते एकच होते. मधल्या काळात राज कॉमिक्सच्या नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव या नायकांनी पुढच्या पिढीची मुले आपल्याकडे ओढून घेतली होती. घर मोडले तेव्हा बहादूरला कोणी पाहुणा म्हणूनही ठेवून घेतले नाही.

आता किमतीविषयी. अंक किती जुना आहे यापेक्षा तो किती शाबूत आहे, हे आधी पाहिले जाते. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दोन्ही आहेत का, मधली जोडपाने निसटलेली नाहीत ना, कोणी शब्दकोडे सोडवलेले किंवा चित्राला मिशा काढलेल्या नाहीत ना, हे बसून तपासावे. अगदी सुरुवातीचे अंक आणि एखाद्या नायकाचा पहिला अंक यांना अर्थातच अधिक मागणी असते. मात्र इंटरनेटवर विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहून हुरळून जाऊ नये. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. तसा अंक प्रत्यक्ष कितीला विकला गेला, एवढाच आकडा धरावा. मला विचाराल तर बहादूरचे सात-आठ अंक आधी मुलाला वाचायला द्यावेत आणि भावाची चौकशी नंतर करावी.

प्रश्न : माझ्याकडच्या काही अंकांची पहिली पाने गेली आहेत, त्यामुळे साल कळत नाही. ते ओळखण्याची काही खूण आहे का? शिवाय बऱ्याच अंकांवर वाचनालयाचे शिक्के आहेत. त्याने अंक बाद होतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मुखपृष्ठ शाबूत असेल तर त्यावरील क्रमांक पाहावा. ४४३ व्या अंकापर्यंत सलग क्रमांक आहेत. त्यानंतर खंड आणि अंक अशी पद्धत सुरू झाली आणि ती एकदम विसाव्या खंडापासून झाली. १९६४ हे पहिले वर्ष धरून हा हिशेब केला असल्याने खंडाच्या आकड्यात १९६३ मिळवले की साल मिळते: खंड २० म्हणजे १९८३, खंड २७ म्हणजे १९९०. मुखपृष्ठही गेले असेल तर आतला नायक साक्ष देतो. मँड्रेकची गोष्ट असेल तर अंक पहिल्या ३२ मधला नाही, आणि बहादूर असेल तर तो डिसेंबर १९७६ च्या आधीचा असणे शक्य नाही. मुद्रक-प्रकाशकांची बारीक टाइपातली ओळही पाहावी. माणसे आणि पत्ते बदलतात, त्यावरून अंदाज आवळता येतो.

शिक्क्यांच्या बाबतीत माझे मत इतर संग्राहकांशी जुळत नाही. ते शिक्क्याला डाग मानतात आणि किंमत पाडून मागतात. मला मात्र गल्लीतल्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या परतीच्या तारखा दिसल्या, की तो अंक किती हातांतून गेला याचा दाखलाच मिळाला असे वाटते. खोडरबर घेऊन त्या तारखा पुसू नयेत. अंकाचे साल हरवले असेल, तर कधी कधी तीच एक तारीख हाताशी उरते.

प्रश्न : आमच्या घराला समुद्राची हवा लागते. अंकांच्या पिना गंजल्या आहेत, भोवतीचा कागद तपकिरी पडून तुटू लागला आहे. काही पानांना पूर्वी चिकटपट्टी लावली होती, तीही पिवळी झाली आहे. सगळे एकत्र बाइंडिंग करून घ्यावे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाइंडिंग करू नये. हे आधीच सांगतो, कारण उरलेले उत्तर वाचेपर्यंत आपण अंक घेऊन बाइंडरकडे पोहोचाल अशी मला धास्ती आहे. बाइंडर कडा सारख्या करण्यासाठी तिन्ही बाजूंनी कापतो, त्यात चित्रांच्या चौकटी जातात. मुखपृष्ठे अडचणीची म्हणून कित्येकदा काढून टाकतो. आणि शिवण आत इतकी घट्ट बसते की मधल्या घडीजवळचे संवाद वाचता येत नाहीत. आमच्या घरातले बारा अंक हौसेने असे बांधून घेतले होते. त्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरे आहेत आणि आत एकही मुखपृष्ठ नाही.

गंजलेली पीन मात्र काढलीच पाहिजे, कारण गंज कागदाला आतून खात जातो. अंक बरोबर मधल्या पानावर उघडून सपाट टेबलावर ठेवावा. पिनेचे वाकलेले दोन पाय तेथे दिसतील. त्यांच्याखाली जाड प्लास्टिकची बारीक पट्टी सरकवावी, म्हणजे हत्याराचा धक्का कागदाला लागत नाही; मग बोथट सुरीच्या टोकाने एकेक पाय हळूहळू उभा करावा. पाय सरळ झाले की अंक मिटून पाठीच्या बाजूने पीन अलगद ओढावी. ती अडली तर जोर लावू नये, पुन्हा उघडून पाय तपासावेत. मोकळ्या झालेल्या भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारावी. नवी पीन मारू नये. आपल्या हवेत तीही दोन-तीन पावसाळ्यांतच गंजेल. तपकिरी डाग ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा, डाग पसरतो.

चिकटपट्टी ओढून काढायला गेल्यास तिच्याबरोबर छपाईही उचलली जाते. जी आपोआप सुटली आहे ती उचलावी, बाकीची तशीच राहू द्यावी. कागद पिवळा पडतो तो त्याच्याच स्वभावाने: वृत्तपत्री कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते आणि उजेड व हवा लागली की ते रंग बदलते. म्हणून अंकांना ऊन दाखवू नये, सावलीत वारा द्यावा. पोथ्यांच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपली रीत कसरीवर आजही उपयोगी आहे. फक्त वेखंड कापडात बांधलेले असावे, कागदाला टेकू नये. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची स्वच्छ पाकिटे घ्यावीत आणि कोकणात तरी त्यांची एक बाजू उघडी ठेवावी, नाहीतर आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी येते.

प्रश्न : येथे एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी माझ्याकडे मराठी वेताळ मागितला. त्यांना मराठीचे अक्षरही येत नाही. ही काय हौस आहे? आणि वेताळाच्या देशाचे नाव त्यांच्या अंकात वेगळे आणि माझ्याकडच्या अंकात ‘डेंकाली’ कसे? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : त्यांची हौस समजण्यासारखी आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक त्याच्या मायदेशी, अमेरिकेत, सुपरमॅनच्या लाटेमागे पडला. परंतु ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचे स्वतंत्र अंक निघत आले आहेत. तेथील संग्राहकांना जगभरच्या आवृत्त्या जमवायच्या असतात, त्यामुळे देवनागरी अक्षरांचे मुखपृष्ठ हेच त्यांना आकर्षण वाटते.

नावाचे म्हणाल, तर मूळ कथांतला ‘बंगाला’ हा देश सुरुवातीला आशियात कोठेतरी होता आणि पुढे तो आफ्रिकेत सरकला. हे नाव भारतात छापले तर वाचकाला बंगाल आठवणार, म्हणून येथे ‘डेंकाली’ झाले. मूळच्या सिंग टोळीचे ‘सिंगा’ चाचे झाले, तेही त्याच काळजीपोटी. आपल्या गृहस्थांना अंक पाठवलात, तर हा बदल चिठ्ठीत लिहून कळवा. त्यांना तो अंकाइतकाच आवडेल. मात्र अंकाची छायाप्रत काढून विकण्याचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नये. जुना अंक विकत घेतला की त्याचा कागद आपला होतो, छापण्याचा हक्क नव्हे.

प्रश्न : लहानपणच्या फँटमच्या गोड सिगारेटींची एक रिकामी डबी माझ्याकडे आहे. ती जपण्यासारखी आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे. टोकाला लाल रंग दिलेल्या त्या पांढऱ्या कांड्या ओठांत धरून धूर सोडल्याचा आव न आणलेले मूल त्या काळात विरळाच. पण डबी मात्र प्रत्येकाने फेकून दिली. डबी सपाट करून ठेवू नये, घडीवर पुठ्ठा फाटतो. आत आम्लविरहित किंवा निदान साध्या पांढऱ्या कागदाचा हलका बोळा घालून ती उभी ठेवावी. त्याआधी मऊ कोरड्या कुंचल्याने कोपरे झाडावेत: साखरेचा एखादा कण राहिला असेल, तर मुंग्या आणि झुरळे आधी तो खातील आणि मग पुठ्ठा.