फुलांचे जवळून फोटो काढताना मागे काळा कागद धरला तरी तो करडा का दिसतो? पार्श्वभूमी पूर्ण काळी कशी मिळवावी?

आपण लिहिले आहे की फुलामागे काळा कार्डपेपर धरूनही तो फोटोत करडा येतो आणि फ्लॅश लावल्यावर तर अधिकच उजळतो. मी कोल्हापुरात राहतो आणि पावसाळा सरताना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर रानफुलांचे फोटो काढायला जातो. सुरुवातीला माझेही अगदी हेच होत असे, म्हणून जे हाताला आले ते सविस्तर सांगतो.

पार्श्वभूमी काळी होते ती मागच्या वस्तूच्या रंगामुळे कमी आणि तिच्यापर्यंत प्रकाश न पोहोचल्यामुळे अधिक. काळा कागदही पडलेल्या प्रकाशापैकी थोडा परत पाठवतोच. आपला फ्लॅश फुलापासून २० सेंटीमीटरवर आणि कागद फुलामागे ५ सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्याने फुलावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे ६४ टक्के प्रकाश त्या कागदावरही पडतो. मग तो काळा दिसणार कसा? तोच कागद, किंवा कागदाऐवजी एखादे हिरवे झुडूप, फ्लॅशपासून २ मीटरवर असेल तर अंतर दहापट होते आणि प्रकाश शंभरावा भाग उरतो, म्हणजे सहा ते सात स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). एवढ्या फरकात हिरवे झुडूपसुद्धा जवळजवळ काळे होते. शिवाय कॅमेरा ऑटोवर असेल, तर चौकटीत काळे जास्त पाहून तो दृश्यच अंधारे आहे असे समजतो आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश, वाढवून ठेवतो. त्यामुळे मॅन्युअल मोड (सर्व आकडे स्वतः ठरवण्याची सोय) अनिवार्य समजावा.

माझी पद्धत अशी आहे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि शटर १/२०० सेकंद ठेवून, फ्लॅश बंद करून आधी एक फोटो काढतो. तो फुलासकट संपूर्ण काळा आला पाहिजे. तो तसा येईपर्यंत मी फ्लॅशला हात लावत नाही. नंतर फ्लॅश सुरू केला की फोटोत जे दिसते ते केवळ फ्लॅशच्या प्रकाशाने दिसते, आणि तो प्रकाश कोठे पडावा हे आपल्या हातात असते. शटरचा वेग वाढवल्याने भोवतालचा उजेड कमी होतो, फ्लॅशचा होत नाही. मात्र पुष्कळ कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेल्यास शटरच्या पडद्याची सावली फोटोत काळ्या पट्ट्यासारखी उमटते. एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: भर उन्हात हेच आकडे जवळजवळ योग्य एक्स्पोजर देतात, त्यामुळे उन्हातले मागचे गवत काळे होणारच नाही. म्हणून फूल सावलीतले निवडावे, किंवा फूल आणि मागचा भाग दोन्हींवर छत्रीची सावली धरावी.

छत्रीवरून आठवले. एकदा मसाईवर सोनकीच्या फुलामागे मी आपली काळी छत्रीच उघडी धरली आणि घरी येऊन पाहतो तर मागे पांढऱ्या ठिपक्यांचे जाळे. कापडावरचे पावसाचे थेंब फ्लॅशने चमकले होते. तेव्हापासून पिशवीत हातभर काळी मखमल असते. मखमलीच्या उभ्या तंतूंत प्रकाश अडकून राहतो, म्हणून ती कागदापेक्षा पुष्कळच काळी दिसते. फक्त तिच्यावरचा कचरा आधी झटकावा आणि ती फुलापासून निदान अर्धा मीटर मागे धरावी.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरता आला तर फार उत्तम, कारण त्याचा झोत मागे न जाता आडवा निघून जातो. त्यावर ट्रेसिंग पेपर लावल्यास पाकळ्यांवरची चमक मऊ होते. अ‍ॅपर्चर मात्र एफ/११ च्या पुढे नेऊ नये. मॅक्रो लेन्सवर वस्तूच्या मूळ आकाराइतके चित्र घेताना ते परिणामी एफ/२२ सारखे वागते आणि बारकावे बोथट होतात.

गडद रंगाचा किडा असेल तर काळ्यावर त्याच्या कडाच हरवतात. तेव्हा मागून तिरपा प्रकाश द्यावा, नाहीतर काळ्याचा हट्ट सोडावा. माझ्या मते दुपारी फुलावर बसलेल्या मधमाशीमागे थोडे हिरवे असणेच खरे असते.

फ्लॅश नसेल तर जुन्या घराचा उंबरठा वापरून पाहावा. सकाळचे ऊन उंबरठ्यावर आले की कुंडी तेथे ठेवावी, आतल्या खोलीचे दिवे आणि खिडक्या बंद कराव्यात, आणि स्पॉट मीटरिंगने (चौकटीतल्या छोट्याशा भागाचाच उजेड मोजण्याची कॅमेऱ्यातली सोय) फक्त फुलावरचा उजेड मोजावा. फूल पांढरे असेल तर मीटर सांगतो त्यापेक्षा साधारण एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, नाहीतर पांढऱ्या पाकळ्या मळकट येतात. खोलीतला अंधार उन्हापेक्षा इतका खोल असतो की मखमलीचीही गरज पडत नाही.