दूध पांढरंशुभ्र, एकसारखं दिसतं, मग ते द्रावण का नाही?

तुमच्या मुलीचा प्रश्न भारी आहे, खरंच. सातवीतली पोरगी म्हणते की दूध कुठूनही चमचाभर घेतलं तरी सारखंच दिसतं, मग त्याला द्रावण का म्हणायचं नाही, आणि तुम्ही "पुस्तकात तसं दिलंय" म्हणून वेळ मारून नेलीत 😀 मी बरीच वर्षं सातवी-आठवीच्या शिकवण्या घेतल्यात, दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं.

व्याख्या बाजूला ठेवा, आधी प्रयोग करा. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत फिल्टरचं पाणी. एकात दोन चमचे साखर विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंबच टाका, जास्त नको, नाहीतर सगळंच पांढरं होऊन काही कळत नाही. आता खोलीत अंधार करा, काळ्या कागदाला बारीक भोक पाडून तो मोबाईलच्या टॉर्चवर धरा आणि बाजूने बघा. साखरेच्या पाण्यात प्रकाशाचा पट्टा जवळपास दिसतच नाही, दुधाच्या पाण्यात मात्र स्पष्ट दिसतो, पत्र्याच्या भोकातून ऊन आत आलं की धुळीत दिसतो ना, तस्साच. हाच टिंडल परिणाम. साखरेचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्यात गेलेला असतो, इतका लहान की प्रकाशाला अडवतच नाही म्हणा ना. दुधात स्निग्धाचे थेंब आणि केसीन प्रथिनाचे गोळे असतात, ते डोळ्यांना सुटे दिसत नाहीत पण प्रकाश विखुरण्याइतके मोठे असतात, म्हणून तर दूध पांढरं दिसतं. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात, आठवीत येईलच.

मीठ का नाही, तर माझी एकदा वर्गात फजिती झालीय. पुड्यातलं बारीक मीठ टाकलं आणि पाणी किंचित गढूळ, पट्टा दिसायला लागला, पोरं खूश! मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते नीट विरघळत नाही, एवढंच कारण. म्हणून साखरच घ्या.

अजून एक पुरावा स्वयंपाकघरातलाच. कोमट दुधात लिंबू पिळा, फाटतं, कारण आतले केसीनचे गोळे एकमेकांना चिकटून गाठी होतात. साखरेच्या पाण्यात लिंबू पिळा, सरबत होतं 😄 तिथे गोळा व्हायला काही नाहीच. पावसाळ्यातलं गढूळ पाणी तिसरी गोष्ट, ते ठेवून दिलं की बरीचशी माती तळाला बसते, ते निलंबन. पण अगदी बारीक माती तासन्‌तास खाली येत नाही, म्हणून तर लोक तुरटी फिरवतात. त्या कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांपासून लांब राहतात, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो प्रभार मारतं, मग ते एकत्र येऊन जड होतात नि बसतात.

आणि हो, "द्रावण म्हणजे रंग नसलेलं" असं तिच्या डोक्यात बसू देऊ नका, मुलांचा हा घोळ नेहमीचा. मोरचुदाचं पाणी निळंशार असतं तरी आरपार दिसतं, ते द्रावणच (घरी करू नका, विषारी आहे, शाळेच्या लॅबमध्ये बघू दे). रंग असो नसो, आरपार दिसतं का आणि टॉर्चचा पट्टा उमटतो का ते बघायचं.

आता ती विचारेलच की मग ताक काय? टॉर्च तिच्याच हातात द्या.