बी धरलं अन् टोमॅटो पिवळेच राहिले

प्रश्न : मागच्या सीझनला एका हायब्रीड टोमॅटोचा प्लॉट मस्त आला होता, माल तोडल्यावर आठ-दहा दिवस कडक राहायचा, म्हणून त्याच्याच चार फळांचं बी धरलं आणि यंदा थंडीत घरामागे 40 झाडं लावली. त्यातल्या 9 झाडांची फळं मोठी झाली, पिवळट पडली आणि तिथंच थांबली. महिना झाला तरी दगडासारखी, केळ्यांबरोबर पेटीत घालून पाहिलं तरी काही नाही. आणि ह्याच झाडांच्या फळांवरची देठाजवळची हिरवी पानं भलतीच लांब. व्हायरस आलाय का?
– एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : व्हायरस वाटत नाही हो. तुम्ही 40 पैकी 9 असं मोजून लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण पाव हिस्सा म्हणजे मेंडेलचा (आनुवंशिकतेचे नियम मांडणारा शास्त्रज्ञ) हिशोब, आणि लांब पानांनी तर चोर पकडूनच दिला.

टोमॅटोत 'रिन' नावाचं एक जनुक आहे, त्याला पिकवण्याचा मुकादम समजा. इथिलीन (फळ पिकवणारा वायू) बनवणारी, साल-गर मऊ करणारी, लाल रंग भरणारी अशा सगळ्या टोळ्यांना हाच कामाला लावतो. 1968 साली अमेरिकेत ह्या जनुकात बिघाड असलेल्या टोमॅटोची नोंद झाली, फळ पिवळं होऊन थांबायचं आणि बाहेरून इथिलीन दिलं तरी लाल व्हायचं नाही. म्हणून तुमच्या केळ्यांचा उपयोग झाला नाही, केळी हाच गॅस सोडतात पण ऐकणारा मुकादमच बिघडलेला.

आता पानांचं. ती खरं तर फुलाची निदलं, फुलातच तयार होतात आणि फळावर तशीच राहतात. त्यांची लांबी आवाक्यात ठेवणारं जनुक रिनच्या अगदी शेजारी, पाचव्या गुणसूत्रावर. बिघडलेल्या झाडात ह्या दोघांच्या मधला डीएनएचा तुकडाच गळालाय आणि दोन्ही जनुकं एकमेकांना चिकटलीत, त्यामुळे एका फटक्यात फळ पिकेना आणि निदलं वाढली. 2002 मध्ये जिओव्हानोनी यांच्या अमेरिकेतल्या टीमने हे शोधलं, तेव्हा कळलं की रिनसुद्धा फुलाचे भाग ठरवणाऱ्या जनुकांच्याच खानदानातलं आहे. (2012 ला टोमॅटोचा पूर्ण जीनोम आला त्यात हेच पाचवं गुणसूत्र वाचायचं काम भारताकडे होतं, दिल्लीच्या संस्थांनी केलं.) पुढे 2017 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्रिस्परने (जनुक नेमकं कापण्याचं तंत्र) रिन मोडून पाहिलं तर फळ थोडंफार लाल झालंच! म्हणजे जुन्या बिघाडातला तो चिकटलेला मुकादम नुसता गैरहजर नाही, तो टोळ्यांना उलटा अडवून धरतो.

मग मागच्या वर्षी सगळं लाल कसं झालं? झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, टिकाऊ मालासाठी ब्रीडर लोक मुद्दाम रिनची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असलेलं हायब्रीड करतात, फळ लाल होतं पण दमादमाने, आणि निदलंही नेहमीसारखीच. तुमचं वाण त्यातलंच दिसतंय. बी धरलं की पुढच्या पिढीत पाव झाडांना दोन्ही प्रती चांगल्या, निम्म्यांना एक-एक, आणि पाव बिचाऱ्यांना दोन्ही बिघडलेल्या. 40 ला 10 यायला हवे होते, तुम्हाला 9 आले. कडक उन्हातही, 30 अंशांच्या वर, लाल रंग नीट भरत नाही, पण तसं असतं तर 9 निवडक झाडांवर थोडंच झालं असतं.

अशा टिकाऊ वाणांना वास-चव जरा कमीच, कॅरेट भरून लांब पाठवायचं तर ठीक, घरच्या आमटीला मला तरी नाही आवडत. तुमच्या उरलेल्या 31 मध्ये साधारण दहाएक झाडं इतरांपेक्षा लवकर लाल आणि मऊ होतील, त्यांचं फळ खाऊन बघा. बी धरायचंच असेल तर त्यांचं धरा, बाकीचे गुण मात्र अजून दोन-चार पिढ्या इकडेतिकडे होतीलच, आणि एवढी खटपट नको असेल तर पुसा रुबीसारखं सरळ वाण (हायब्रीड नसलेलं, बी धरलं तरी तसंच येणारं) लावून मोकळे व्हा.